हाकेला ओ देणारे यंत्र

व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहून घेतले, ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. लेखणी मध्ये थांबता कामा नये, अशी गणपतीची अट होती. त्यावर व्यासांनीही एक अट घातली: अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. बोललेले लिहून घेणे हे एक काम आणि त्याचा अर्थ समजणे हे दुसरे काम, हा फरक आपल्या पूर्वजांना चांगलाच ठाऊक होता. माणसाचे बोलणे यंत्राला कळावे म्हणून गेली शंभर वर्षे जी खटपट चालली आहे, ती याच दोन कामांभोवती फिरते. म्हणून गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत हा विषय कोणाला परका वाटू नये.

आज आपल्या घरोघरी हे यंत्र आले आहे. कोणाच्या फोनमध्ये, तर कोणाच्या टीव्हीशेजारी ठेवलेल्या गोल डबीत. नाव घेऊन हाक मारली की ते ओ देते, गाणे लावते, गजर लावते, पावसाचा अंदाज सांगते, फोन जोडून देते. ज्यांच्या डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, त्या आपल्या आई-आजींना याचा खरा उपयोग आहे. पण एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. नातवाने इंग्रजीत सांगितलेले त्याला पटकन कळते आणि आजीने मराठीत सांगितलेले दोनदा-तीनदा सांगावे लागते. असे का होते, याचे उत्तर या यंत्राच्या इतिहासात आहे. ते उत्तर आपल्यासारख्या हैदराबादच्या मराठी माणसांनी समजून घ्यायला हवे, असे मला वाटते.

खेळण्यातला कुत्रा

आवाजाला प्रतिसाद देणारी पहिली विकाऊ वस्तू बहुधा एक खेळणे होते. १९२०च्या दशकात अमेरिकेत 'रेडिओ रेक्स' नावाचा एक छोटा कुत्रा मिळत असे. तो आपल्या घरकुलात बसलेला असायचा. 'रेक्स' अशी हाक मारली की तो टुणकन बाहेर उडी मारायचा. त्या काळी लोकांना ही जादूच वाटली असेल, पण आतली करामत साधी होती. विद्युतचुंबकाने कुत्र्याला आत धरून ठेवलेले असे. 'रेक्स' या शब्दातल्या 'ए' या स्वरात सेकंदाला सुमारे ५०० कंपनांच्या आसपास जोर असतो. त्या कंपनांनी आतली एक पट्टी थरथरायची, वीजप्रवाह क्षणभर तुटायचा, चुंबक सुटायचा आणि स्प्रिंग कुत्र्याला बाहेर ढकलायची.

पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा करताना आम्ही रिले आणि सोलेनॉइड शिकलो, त्यामुळे या कुत्र्याचे मला फार कौतुक वाटते. त्याला ना शब्द कळत होता, ना स्वतःचे नाव. त्या स्वराशी जुळणारा दुसरा कोणताही आवाज केला तरी तो उडी मारणार. आणखी एक गंमत आहे. या स्वराची ५०० च्या आसपासची कंपने प्रौढ पुरुषाच्या आवाजात असतात. स्त्रियांच्या आणि मुलांच्या आवाजात हा आकडा वर जातो. म्हणजे खेळणे मुलांचे, पण जुळवलेले बाबांच्या आवाजाशी! यंत्र कोणाच्या आवाजावर बेतलेले आहे, हा प्रश्न इतक्या सुरुवातीपासून या विषयाला चिकटलेला आहे.

आकडे ओळखणारे कपाट

१९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने 'ऑड्री' नावाचे यंत्र तयार केले. ते शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडे ओळखत असे. निर्वात नळ्या आणि तारांनी भरलेले हे यंत्र माणसाच्या उंचीच्या चौकटीत बसवलेले होते. दोन आकड्यांच्या मध्ये थोडे थांबावे लागे. ज्या माणसाच्या आवाजाशी यंत्र जुळवून घेतले असेल, त्याचे आकडे ते जवळजवळ बिनचूक ओळखायचे. माणूस बदलला की अडखळायचे. टेलिफोन कंपनीच्या दृष्टीने नंबर बोलून जोडता येणे सोयीचे होते, पण बोटाने डायल फिरवणे त्याहून कितीतरी स्वस्त पडत होते.

दहा वर्षांनी, १९६२च्या सिॲटल येथील जागतिक प्रदर्शनात आयबीएमने 'शूबॉक्स' मांडला. बुटांच्या खोक्याएवढे हे यंत्र सोळा शब्द ओळखत होते: दहा आकडे आणि 'प्लस', 'मायनस', 'टोटल' यांसारखे हिशेबाचे शब्द. माइकसमोर बेरीज बोलली की यंत्र उत्तर छापून देई. सोळा शब्दांसाठी एवढा खटाटोप, असे आज आपल्याला वाटेल. पण बोलणे ही किती अवघड वस्तू आहे, हे त्यातून दिसते. आपण लिहितो तेव्हा दोन शब्दांत जागा सोडतो. बोलताना सोडत नाही. एकच शब्द एकच माणूस सकाळी वेगळा बोलतो, सर्दी झाली की वेगळा आणि रागावला की आणखी वेगळा. यंत्राला हे सारे एकच आहे हे ओळखायचे असते.

काटूरचा मुलगा

या इतिहासातला एक मोठा माणूस आपल्या शेजारचाच आहे. डॉ. राज रेड्डी यांचा जन्म १९३७ मध्ये चित्तूर जिल्ह्यातील काटूर या गावी, शेतकरी कुटुंबात झाला. त्यांची मातृभाषा तेलुगू. मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते सिव्हिल इंजिनिअर झाले, नंतर ऑस्ट्रेलियात आणि पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले. १९६६ मध्ये त्यांनी तेथे डॉक्टरेट मिळवली. त्यांचे मार्गदर्शक होते जॉन मॅकार्थी, ज्यांनी 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव रूढ केले. १९६९ मध्ये रेड्डी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आले आणि माणसाचे सलग बोलणे यंत्राला कळावे यासाठी त्यांनी पुढची अनेक वर्षे घालवली.

तो काळ या संशोधनाला फारसा अनुकूल नव्हता. १९६९ मध्येच बेल प्रयोगशाळेतील जॉन पीअर्स या नामवंत शास्त्रज्ञाने या संपूर्ण क्षेत्रावर जाहीर टीका केली होती आणि बेलमध्ये हे काम काही काळ मागे पडले. पण १९७१ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पाच वर्षांची योजना आखली. लक्ष्य होते हजार शब्दांचे. रेड्डी यांच्या गटाने आधी 'हिअरसे' नावाची पद्धत तयार केली. तिला बुद्धिबळाच्या चाली तोंडी सांगता येत. पुढे १९७६ मध्ये त्यांच्याच विभागातून 'हार्पी' आली. ती १,०११ शब्द ओळखत होती. सोळावरून एक हजार अकरा, अवघ्या चौदा वर्षांत.

रेड्डी यांच्या विद्यार्थ्यांची यादी वाचली तर अर्धा इतिहास तिथेच सापडतो. जेम्स बेकर यांनी पत्नी जॅनेट यांच्यासह 'ड्रॅगन' कंपनी काढली आणि सांगितलेले टाइप करणारी प्रणाली घराघरातल्या संगणकावर आणली. काय-फू ली यांनी १९८८च्या सुमारास 'स्फिंक्स' तयार केली, जिला प्रत्येक नव्या माणसाच्या आवाजाशी आधी जुळवून घ्यावे लागत नव्हते. रेड्डी यांना १९९४ मध्ये एडवर्ड फायगेनबॉम यांच्यासह ट्युरिंग पुरस्कार मिळाला, जो संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान समजला जातो. आपल्या गच्चीबावलीच्या ट्रिपल आयटीच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. या संस्थेत भारतीय भाषांवर आणि बोलण्यावर संशोधन होते.

नियमांकडून नमुन्यांकडे

१९७०च्या दशकात या क्षेत्रात एक वाद झाला आणि त्याच्या निकालावर आजची सारी यंत्रे उभी आहेत. एका बाजूचे म्हणणे होते की यंत्राला भाषेचे नियम शिकवावेत: कोणता वर्ण कसा उच्चारतात, वाक्यात कर्ता कुठे येतो, क्रियापद कुठे. जणू यंत्रासाठी व्याकरणाची शाळाच. दुसऱ्या बाजूचे म्हणणे निराळे होते. नियम राहू द्या, यंत्राला भरपूर बोलणे ऐकवा, त्यासोबत ते बोलणे लिहून द्या, आणि कोणत्या ध्वनीमागून कोणता ध्वनी व कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव किती, याचा हिशेब त्याला करू द्या. आयबीएममध्ये फ्रेडरिक जेलिनेक यांचा गट आणि कार्नेगी मेलनमध्ये जेम्स बेकर हे या दुसऱ्या बाजूचे.

मूल भाषा कशी शिकते ते आठवा. त्याला कोणी विभक्तीचा तक्ता देत नाही. ते घरात ऐकते, ऐकते आणि एके दिवशी बोलू लागते. यंत्राची ही दुसरी वाट त्याच जातीची होती, फक्त मुलाला जेवढे ऐकून पुरते त्याच्या कैकपट यंत्राला ऐकवावे लागते. १९८०च्या दशकात आयबीएमची 'टँगोरा' प्रणाली वीस हजार शब्दांपर्यंत पोचली. अल्बर्ट टँगोरा या जगप्रसिद्ध वेगवान टंकलेखकाचे नाव तिला दिले होते. १९९० मध्ये 'ड्रॅगन डिक्टेट' बाजारात आले, तेव्हा त्याची किंमत हजारो डॉलर होती आणि प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागे. १९९७ मध्ये त्याच कंपनीच्या नव्या प्रणालीसमोर सलग बोलता येऊ लागले. त्यानंतरची मोठी उडी २०१० च्या आसपासची. टोरोंटो विद्यापीठातील जेफ्री हिंटन आणि मोठ्या कंपन्यांचे संशोधक यांनी 'न्यूरल नेटवर्क' ही पद्धत आवाजाला लावली आणि चुका एकदम कमी झाल्या.

या साऱ्यातून एक गोष्ट पक्की झाली, आणि या लेखात मला तीच सांगायची आहे. नियमांची वाट टिकली असती, तर एखाद्या चांगल्या व्याकरणकाराने मराठीचे नियम लिहून दिले असते आणि काम भागले असते. नमुन्यांच्या वाटेत तसे होत नाही. तिथे ज्यांचे बोलणे साठवले गेले, त्यांचेच बोलणे यंत्राला नीट कळते. ज्यांचे साठवले नाही, ते यंत्रासमोर अनोळखी राहतात.

आवाजाची साठवण

कंपन्यांना हे लवकर कळले. २००७ मध्ये गूगलने अमेरिकेत एक फुकट टेलिफोन सेवा सुरू केली. फोन करून दुकानाचे नाव आणि गावाचे नाव बोलायचे, ती नंबर शोधून जोडून देई. लोकांना वाटले, चांगली सोय आहे. पण लोकांचे वेगवेगळे आवाज आणि उच्चार जमवणे हा या सेवेमागचा मोठा हेतू होता, हे कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनीच तेव्हा उघड सांगितले होते. पुरेसा साठा झाल्यावर २०१० मध्ये सेवा बंद झाली. तोवर फोनवर बोलून शोध घेण्याची सोय आलेली होती.

'सिरी'चा जन्म सरकारी पैशातून झाला. अमेरिकन संरक्षण खात्याच्या मदतीने २००३ पासून कॅलिफोर्नियातील एसआरआय संस्थेत 'कॅलो' नावाचा प्रकल्प चालू होता: कार्यालयातल्या माणसाला मदत करणारा यांत्रिक सहायक. आम्हा सरकारी कार्यालयातल्या लोकांना असा सहायक कधी मिळणार कोण जाणे! त्यातून 'सिरी' ही कंपनी निघाली, २०१० मध्ये ॲपलने ती विकत घेतली आणि ४ ऑक्टोबर २०११ रोजी नव्या आयफोनबरोबर सिरी जगापुढे आली. दुसऱ्याच दिवशी स्टीव्ह जॉब्ज यांचे निधन झाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲमेझॉनने 'एको' हे नळकांड्यासारखे उपकरण आणले. त्यात सात मायक्रोफोन होते, म्हणजे खोलीच्या कोणत्याही कोपऱ्यातून हाक मारली तरी ते ऐकणार. त्यातल्या सहायिकेचे नाव 'अलेक्सा'. २०१६ मध्ये गूगलचा 'असिस्टंट' आला. २०१७ मध्ये अलेक्सा भारतात आली आणि २०१९ मध्ये ती हिंदी बोलू लागली.

ही उपकरणे काम कशी करतात, ते थोडक्यात सांगतो. उपकरण सतत फक्त आपल्या नावाकडे कान लावून असते. हे काम ते स्वतःच, जागच्या जागी करते. नाव ऐकले की पुढचे बोलणे साधारणपणे इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकांकडे जाते. तिथे आधी आवाजाचे अक्षरांत रूपांतर होते, मग त्या अक्षरांतून काय हवे आहे ते काढले जाते, मग उत्तर तयार होऊन पुन्हा आवाजाच्या रूपाने आपल्याकडे येते. हे सारे एक-दोन सेकंदांत. पहिली पायरी चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात. आजीच्या बाबतीत बहुतेक वेळा पहिलीच पायरी चुकते.

मराठीचा प्रवेश

भारतात या विषयावर काम झालेच नाही, असे कोणी समजू नये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, पी. व्ही. एस. राव यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलण्यावरचे संशोधन फार पूर्वी सुरू केले. भारतातला पहिल्या काही संगणकांपैकी एक जिथे बांधला गेला, तीच ही संस्था. पण साधने तुटपुंजी होती आणि भाषा अनेक.

मराठीसाठी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक सरकारी प्रकल्प. २०१० नंतरच्या काही वर्षांत केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान खात्याच्या मदतीने, आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने, शेतमालाचे बाजारभाव फोनवर बोलून विचारता येतील अशी प्रणाली सहा भाषांत करण्याचे ठरले. त्यात मराठी होती आणि मराठीचे काम मुंबईत झाले. शेतकऱ्याने फोन करावा, पिकाचे नाव आणि बाजाराचे नाव बोलावे आणि भाव ऐकावा. त्यासाठी संशोधकांनी महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून शेतकऱ्यांचे आवाज साध्या मोबाइलवरून नोंदवले. प्रयोगशाळेत बसून शुद्ध उच्चार करणारा निवेदक त्यांना नको होता. मागे बैलाच्या घंटा वाजत असताना, एसटी स्टँडवरच्या गोंगाटात जो बोलणार आहे, त्याचाच आवाज हवा होता. नमुन्यांच्या वाटेचे मर्म त्यांनी नेमके ओळखले होते.

पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठी, तेलुगू, गुजराती, कन्नड अशा आठ भारतीय भाषांत बोलून लिहिण्याची सोय दिली. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांचा असिस्टंटही मराठी बोलणार असे जाहीर झाले. आपल्यापैकी ज्यांना देवनागरी टाइप करायचा कंटाळा होता, ते त्यानंतर व्हॉट्सॲपवर मराठीत लिहू लागले, हा माझा आजूबाजूचा अनुभव आहे. शाळेत तेलुगू आणि इंग्रजी शिकलेली, मराठी बोलता येणारी पण लिहिता न येणारी आपली मुले त्यामुळे मराठीत निरोप पाठवू शकतात. ही लहान गोष्ट नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारची 'भाषिणी' योजना आली. तिच्या 'भाषादान' या भागात 'बोलो इंडिया' म्हणून आपला आवाज देता येतो.

यादीबाहेरची माणसे

तरीही आजीचे बोलणे का कळत नाही? दोन उदाहरणे पाहू.

२०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. भाषा एकच, इंग्रजी. गोऱ्या अमेरिकन माणसांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, तर कृष्णवर्णीय अमेरिकन माणसांच्या बोलण्यात ३५. त्यांच्याच देशात, त्यांच्याच भाषेत. शिकवताना कोणाचे आवाज पुरेसे वापरले गेले नाहीत, ते या आकड्यांतून दिसते.

दुसरे उदाहरण आपले. २०२२ मध्ये ओपनएआय कंपनीने 'व्हिस्पर' नावाची प्रणाली खुली केली. तिला एकूण ६,८०,००० तासांचा आवाज ऐकवला होता. मराठी ऐकून मराठीत लिहिणे शिकवण्यासाठी त्यातला जो भाग वापरला, तो एका तासाहूनही कमी भरला. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या आठ कोटी तीस लाख होती. आठ कोटी तोंडे आणि शिकवणी तासाभराचीही नाही! नंतर आपल्या देशातल्या संस्थांनी हा खड्डा भरायला घेतला आहे. आयआयटी मद्रासमधील 'एआयफॉरभारत' गट देशातल्या बावीस भाषांचे आवाज जमवतो आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा 'वाणी' प्रकल्प तर जिल्हावार चालतो: माणसाला चित्र दाखवायचे आणि त्याने त्याचे वर्णन आपल्या बोलीत करायचे.

आता आपला, हैदराबादच्या मराठीचा प्रश्न. आपली मराठी पुण्याची नाही. ती नांदेड-परभणीच्या अंगाने जाणारी आहे आणि या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहून तिने दखनी आणि तेलुगूचे पाणी प्यायले आहे. देवाणघेवाण दोन्हीकडून झाली. चारमिनारपाशी ऐकू येणारा 'नक्को' हा आपल्याच 'नको'चा भाऊ आणि दखनीत जोर देण्यासाठी येणारा 'च'ही आपल्या 'च'चा सख्खा. आपल्या घरात 'चार वाजता गोळीची याद दे' असे कोणी सहज म्हणून जाते. यंत्राला 'आठवण कर' शिकवलेले असते. मराठी वाक्यातली 'याद' त्याला अडते. सुलतान बाजारातल्या दुकानदाराला मात्र ती कधी अडली नाही.

आणि असे वगळले जाण्याची ही आपली पहिली वेळ नाही. १८९४ पासून जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या देखरेखीखाली हिंदुस्थानच्या भाषांचे प्रचंड सर्वेक्षण झाले. त्याचा सातवा खंड मराठीचा, १९०५ साली निघाला. १९१३ पासून पुढे बऱ्याच भाषांचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवरही नोंदवले गेले आणि आज ते शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. शंभर वर्षांपूर्वीचे माणूस कसे बोलत होते ते प्रत्यक्ष कानांनी! पण या सर्वेक्षणाच्या हद्दीतून मद्रास इलाखा, ब्रह्मदेश आणि हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने वगळलेली होती. म्हणजे तेव्हा निजामाच्या राज्यात असलेला सगळा मराठवाडा आणि आपले हे शहर, दोन्ही त्या कामाच्या बाहेर राहिले. आपले पणजोबा कोणत्या ढंगात बोलत होते, ते त्या सर्वेक्षणातून कळत नाही.

तेव्हा राज्याच्या सीमेने आपल्याला वगळले. आज आपण महाराष्ट्रात नाही म्हणून महाराष्ट्राच्या जिल्ह्यांतून आवाज जमवणाऱ्याकडे आपण येत नाही, आणि तेलंगणात आवाज जमवणारा साहजिकच तेलुगू आणि उर्दू शोधत येतो. दोन्हींच्या मधल्या फटीत आपण बसतो. बेळगाव, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरच्या मराठी माणसांचेही थोडेफार असेच आहे.

काळजीची बाजू

आवाज द्या म्हणताना दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१९ मध्ये वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या की ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल या तिघांनीही ग्राहकांच्या काही ध्वनिफिती तपासणीसाठी माणसांना ऐकायला दिल्या होत्या, आणि ग्राहकांना याची नीट कल्पना नव्हती. २०२३ मध्ये लहान मुलांचे अलेक्सावरचे आवाज साठवून ठेवल्याच्या प्रकरणात ॲमेझॉनने अमेरिकेत अडीच कोटी डॉलरचा दंड मान्य केला. आपल्याकडे त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. घरातल्या उपकरणाच्या सेटिंगमध्ये जाऊन जुन्या ध्वनिफिती पुसता येतात, मायक्रोफोन बंद करण्याचे बटण बहुतेक उपकरणांवर असते. घरी कोणी वडीलधारे ते वापरत असेल, तर तरुणांनी एकदा बसून हे करून द्यावे. बँकेचा नंबर, ओटीपी असले काही त्या डबीसमोर मोठ्याने बोलू नये, हेही सांगून ठेवावे.

नकळत घेतलेला आवाज आणि समजून-उमजून दिलेला आवाज यांत फरक आहे. माझे म्हणणे दुसऱ्याविषयी आहे.

आपल्या हातचे काम

मूल ज्या भाषेत हाक मारल्यावर ओ मिळते, त्याच भाषेत पुन्हा हाक मारते. घरातले यंत्र इंग्रजीत लगेच ऐकत असेल आणि मराठीत अडत असेल, तर आपली सहा वर्षांची नात महिन्याभरात ठरवून टाकते की कामाची भाषा कोणती. तिला कोणी तसे शिकवलेले नसते. सुलतान बाजार, काचीगुडा, बरकतपुरा या भागांत आपल्या आधीच्या पिढ्यांनी शाळा काढल्या, ग्रंथालये चालवली, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता, फक्त यंत्र नव्हते. त्यांनी पुस्तके जमवली. आपल्याला आवाज जमवायचे आहेत.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवतो. उत्सवाच्या दहा दिवसांत सत्तरीच्या पुढचे जे सभासद आरतीला येतात, त्यांच्याकडून प्रत्येकी दहा मिनिटे बोलून घ्यावे. विषय त्यांच्या आवडीचा: पूर्वीचा गणेशोत्सव, लग्नाआधीचे गाव, पुरणाची कृती, रझाकारांच्या काळातली आठवण, काहीही. वाचून दाखवायला लावू नये. घरी बोलतात तसे बोलू द्यावे. 'याद' आली तर येऊ द्यावी, मध्ये तेलुगू शब्द आला तर तोही. नोंदवण्याआधी त्यांना काय करतो आहोत ते सांगून लेखी संमती घ्यावी. साध्या मोबाइलवर, पंखा बंद करून नोंदवले तरी पुरते. सोबत कोणी तरुणाने ते बोलणे जसेच्या तसे देवनागरीत लिहून काढावे, कारण आवाज आणि त्याचे अक्षर ही जोडी असली तरच यंत्राला शिकता येते. ध्वनिफिती मंडळाकडे दोन ठिकाणी जपून ठेवाव्यात. ज्यांची इच्छा असेल त्यांनी स्वतंत्रपणे 'भाषादान'वर किंवा मोझिला संस्थेच्या 'कॉमन व्हॉइस'वर मराठी वाक्ये वाचून आवाज द्यावा. तो जगात कोणालाही वापरता येतो.

पन्नास माणसांची दहा-दहा मिनिटे म्हणजे आठ तासांहून अधिक झाले. त्या प्रसिद्ध प्रणालीच्या वाट्याला आलेल्या मराठीपेक्षा ते कितीतरी जास्त आहे. यंत्र त्यातून शिकेल की नाही, ते पुढचे लोक पाहतील. निदान शंभर वर्षांनी कोणी विचारले की हैदराबादची मराठी माणसे कशी बोलत होती, तर ऐकवायला काहीतरी असेल.

रेकॉर्डिंगसाठी ज्या तरुण मुलामुलींना मदत करायची असेल, त्यांनी आरतीनंतर कार्यकारिणीला नावे द्यावीत. मी रोज संध्याकाळी तिथे असेन.